कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण करताना: कोकणातल्या लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ला, मालवण, देवगड, रत्नागिरी, दापोली, अशा ठिकठिकाणची लिहिणारी माणसं मला भेटतात, फोन करतात. कोणी शिक्षिका असते, कोणी बागायतदार, कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी अजून कॉलेजात. बहुतेकांकडे कादंबरीची सुरुवात असते. काहींकडे चार-पाच सुरुवाती असतात. शेवटापर्यंत गेलेला खर्डा मात्र फार थोड्यांकडे. म्हणून इथली उत्तरं एकाच गोष्टीपुरती आहेत: पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदा पोचायचं कसं. चांगलं लिहिणं, छापणं, नाव होणं हे सगळं त्याच्या नंतरचं.

पहिला खर्डा पूर्ण झाला असं कधी समजायचं?

कथानक शेवटाला लागलं आणि मधे कुठेही ‘इथे काय होतं ते अजून ठरलेलं नाही’ अशी जागा उरली नाही, की खर्डा झाला. भाषा ओबडधोबड असेल, एकाच पात्राचं नाव दोन प्रकरणांत वेगळं पडलं असेल, एखादा प्रसंग चार ओळींच्या टिपणावर भागवला असेल, तरी चालतं. घडतं काय, हे कागदावर असलं पाहिजे.

पहिली आठ प्रकरणं घासूनपुसून तयार आहेत आणि पुढची सहा डोक्यात आहेत, याला खर्डा म्हणत नाहीत. डोक्यातली प्रकरणं कागदावर उतरताना बदलतात, आणि ती बदलली की मागची आठही बदलावी लागतात. आपली कादंबरी नेमकी कशाबद्दल आहे, हे लिहिणाऱ्याला शेवट लिहितानाच कळतं. तोवर केलेली सगळी रंगसफेदी वाया जाण्याची शक्यता असते, म्हणून मी शेवटावर एवढा जोर देते.

किती शब्द झाले म्हणजे कादंबरी?

नियम नाही. नेहमीच्या आकाराच्या मराठी पुस्तकाच्या एका पानात साधारण २५० ते ३०० शब्द बसतात. म्हणजे २०० पानांची कादंबरी ५०-६० हजार शब्दांची. पहिल्या खर्ड्यासाठी ४० ते ६० हजार हा अंदाज डोळ्यांसमोर ठेवा. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांचे आकडे वाचून आपलं लिखाण तोकडं पडतंय असं वाटून घेऊ नका.

किती दिवस लागतात?

पालगडच्या साने गुरुजींचं उदाहरण या प्रश्नाबरोबर हमखास येतं. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ला ते ‘श्यामची आई’ लिहायला बसले आणि १३ फेब्रुवारीला पहाटे पुस्तक लिहून झालं. ते खरं आहे. पण त्या आठवणी त्यांनी बालपणापासून मनात वागवल्या होत्या, आणि तुरुंगात ना नोकरी होती ना दारात येणारी माणसं. आपल्याला तो हिशेब लागू करून उगाच खंतावू नये.

घर, नोकरी, बाग सांभाळून लिहिणाऱ्यासाठी माझा हिशेब साधा आहे. दिवसाला ४०० शब्द, आठवड्यातले ५ दिवस. आठवड्याला २००० झाले, २५ आठवड्यांत ५० हजार. म्हणजे सहा महिने. ४०० शब्द म्हणजे फुलस्केपची जेमतेम दीड-दोन पानं. ती तासाभरात होतात, आणि झाली नाहीत तर दुसऱ्या दिवशी भरपाई करायला जाऊ नये. भरपाईच्या ओझ्याखाली लिहिणं थांबलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत.

कोकणात राहून लिहायला वर्षातला कोणता काळ बरा?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘रोज पहाटे उठून लिहा’ हा सल्ला शहरातल्या माणसाला कदाचित पुरतो, पण आपल्याकडे वर्षाचे बारा महिने सारखे नसतात. तुमचा खर्डा कुठे तुटणार आहे हे कॅलेंडर बघून आधीच सांगता येतं.

मे महिन्यात लिहीन असं ठरवूच नका. घर चाकरमान्यांनी भरलेलं, आंब्याच्या पेट्या, लग्नं, उकाडा. जूनमध्ये पेरणी आणि त्यामागून लावणी. शेती करणाऱ्या घराला लावणी उरकल्यावर जो श्रावण मिळतो, तो वर्षातला पहिला खरा लिहिण्याचा काळ. बाहेर पाऊस, कुठे जाणं नाही, येणारं कोणी नाही. तो गणपतीच्या आधी आठवडाभर संपतो. मग भाद्रपद पाहुण्यांचा, त्यापाठोपाठ कापणी-झोडणी, दिवाळी. त्यानंतर जत्रा असल्या तरी रात्रीच्या असतात. डिसेंबर-जानेवारीचे दिवस मोकळे मिळतात. मग शिमगा.

ज्याचा पोटापाण्याचा धंदा मासेमारीचा आहे, त्याचं गणित उलटं. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै समुद्रात जायला बंदी असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या, जाळ्यांची डागडुजी एवढंच काम. तेवढ्यात अर्धा खर्डा होऊ शकतो. आंबा बागायतदाराला ऑगस्टपासून मोहोर धरेपर्यंत थोडी उसंत असते, फवारण्या सुरू झाल्या की संपली.

तेव्हा एक कागद घ्या, आपल्या घरचे बारा महिने मांडा, आणि दोन मोठे तुकडे शोधा. पहिल्या तुकड्यात निम्मं लिहायचं, दुसऱ्यात उरलेलं. मधल्या खंडाला अपराध समजू नका, पण त्या काळात आठवड्यातून एकदा वही उघडून शेवटची तीन पानं वाचा आणि खाली दोन ओळी तरी लिहा. एवढं केलं की परत बसताना पात्रांची ओळख नव्याने करून घ्यावी लागत नाही.

घरातल्या बायकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगते. वर्षातला तुकडा शोधण्याआधी दिवसातला तुकडा घरच्यांना सांगून राखावा लागतो. ‘दुपारी दोन ते तीन मी लिहिते, तेव्हा हाक मारू नका’ असं स्पष्ट शब्दांत सांगा. चोरून, कोणाला कळू न देता लिहिलेली कादंबरी सहसा पूर्ण होत नाही, कारण तिच्यासाठी मागितलेला वेळ कोणाला दिसतच नाही. सासूबाई सुरुवातीला नाराज होतील. महिनाभरात त्याच दारात आलेल्या शेजारणीला सांगतील, ‘ती लिवता हा, मगे ये.’

नोव्हेंबरात महिनाभरात ५० हजार शब्द लिहायचं आव्हान घेऊ का?

ही प्रथा अमेरिकेत १९९९ साली सुरू झाली आणि जगभर पसरली. ती चालवणाऱ्या संस्थेनं २०२५ साली काम बंद केलं, तरी लोक आपापलं करतात. महिना निवडायचाच असेल तर नोव्हेंबर का? वर सांगितलेला तुमचा श्रावण घ्या. आणि दिवसाला जवळपास १७०० शब्द हा वेग पोराबाळांच्या घरात झेपत नाही.

मागे जाऊन सुधारत सुधारत पुढे गेलं तर काय बिघडतं?

पुढे जाणं थांबतं, हे बिघडतं. मागे सुधारण्यासारखं नेहमीच असतं.

आपल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं, आणि मग रंगमंचावर उभं राहून नट संवाद रचतो. एखादं वाक्य फसलं म्हणून मध्यरात्री खेळ थांबवून तो प्रवेश पुन्हा करत नाहीत. पुढच्या संवादात सावरून घेतात आणि उजाडेपर्यंत खेळ पूर्ण करतात. पहिला खर्डा असाच न्यावा.

त्यासाठी एक वेगळी छोटी वही ठेवा. तिच्यावर ‘सुधारणा’ असं लिहा. पंधराव्या प्रकरणात लक्षात आलं की नायिकेचा भाऊ मुळात हवाच कशाला, तर वहीत नोंद करा: ‘भाऊ काढणे, प्र. २, ५, ९.’ आणि सोळावं प्रकरण तो भाऊ कधी नव्हताच असं समजून लिहा. मागची पानं तशीच राहू द्या. खर्डा संपेपर्यंत या वहीत जे जमतं, तेच तुमच्या दुसऱ्या खर्ड्याचं काम. त्यातल्या निम्म्या नोंदी तेव्हा निरुपयोगी ठरतात. त्या सुधारणा आधीच केल्या असत्या तर तेवढे महिने गेले असते.

सात-आठ प्रकरणांनंतर गाडं अडतं. काय करू?

सगळ्यांचं तिथेच अडतं. सुरुवात आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींवर चालते, शेवटाची एक पुसट कल्पना असते, मधलं मात्र घडवावं लागतं. उत्साह संपला, प्रतिभा आटली असं लोक म्हणतात. मला विचाराल तर बहुतेक वेळा कारण वेगळं असतं: एखाद्या पात्राला काय हवंय हे लेखकानं ठरवलेलंच नसतं.

एकाची परवानगी घेऊन त्याचं उदाहरण देते. त्याची कादंबरी एका सामाईक घराची. तीन भाऊ, दोघे मुंबईत, धाकटा गावात, बहीण कुडाळकडे दिलेली. सातबाऱ्यावर मेलेल्यांसकट सगळ्यांची नावं. पहिली सहा प्रकरणं सुरेख होती. गणपतीला सगळे जमतात, घर विकायची गोष्ट निघते, आरतीच्या वेळी दोघे भाऊ एकमेकांकडे बघत नाहीत. सातव्यापासून मात्र नुसतं बोलणं सुरू झालं. पडवीत बोलतात, विहिरीवर बोलतात, आठव्यात पाऊस पडतो, नवव्यात आजीच्या आठवणी निघतात. दहावं तो वर्षभर लिहू शकला नव्हता.

आम्ही एक कागद घेतला आणि प्रत्येक नावापुढे त्याला काय हवंय ते एका ओळीत लिहिलं. मोठ्याला मुलीच्या लग्नासाठी पैसा. मधल्याला कटकट नको. धाकट्याला घर. बहिणीपुढची जागा रिकामी राहिली. कथानकात तिचं काम एवढंच होतं की येऊन हक्कसोडपत्रावर सही करायची. तिला स्वतःला काय हवंय, याचा विचारच झाला नव्हता.

त्या रात्री त्यानं जो प्रसंग लिहिला तो असा. बहीण सकाळच्या एसटीनं तालुक्याला येते. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर झेरॉक्सच्या दुकानाशेजारी स्टूल आहे, त्यावर बसते. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात आधारकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो, एका फोटोचा कोपरा दुमडलेला. मोठा भाऊ कागद तयार करून आणतो, कुठे सही करायची ते पेन्सिलीनं फुली मारून दाखवतो. ती कागद वाचत नाही. फोटोचा कोपरा नखानं सरळ करत राहते. मग म्हणते, ‘गणपतीक मी खंय येव?’ कोणी उत्तर देत नाही. ‘माका सही करूची नाय. तुमी काय ता करा.’ आणि पिशवी उचलून स्टँडच्या दिशेनं चालायला लागते.

तिला हिस्सा नको होता, वर्षातून एकदा यायला माहेर हवं होतं. हे सापडल्यावर पुढची प्रकरणं त्याला शोधावी लागली नाहीत. मोठा चिडला, मधल्याला ती कटकट टाळता येईना, धाकट्याला पहिल्यांदा कोणीतरी आपल्या बाजूचं मिळालं.

म्हणून अडलात की पुढचा प्रसंग शोधू नका. नावांची यादी करा आणि जिच्यापुढे तुम्हाला काही लिहिता येत नाही, त्या व्यक्तीकडे बघा. बहुधा ती कोणाची तरी बहीण, सून, गडी किंवा म्हातारी आई असते. लेखकानं तिला गृहीत धरलेलं असतं.

एवढ्यानंही सुटलं नाही तर तो भाग सोडून पुढचा जो प्रसंग स्वच्छ दिसतोय तो लिहा. क्रमानंच लिहिलं पाहिजे असं कुठे आहे? आणि रोज उठताना वाक्य अर्धवट ठेवून उठा. दुसऱ्या दिवशी निदान ते पुरं करायला तरी हात चालतो.

मालवणीत लिहू की प्रमाण मराठीत?

संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, ही वाट बहुतेकांना सोयीची पडते. पण पहिल्या खर्ड्यासाठी माझं सांगणं वेगळं आहे: जी भाषा मनात आधी येते तिच्यात लिहा. निवेदन मालवणीतच वाहत असेल तर वाहू द्या. पुण्या-नाशिकच्या वाचकाला कळेल का, हा विचार दुसऱ्या खर्ड्याचा. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली रंगभूमीवर आणली तेव्हा मालवणी न बोलणाऱ्यांनीही ती डोक्यावर घेतली. प्रेक्षकाला प्रत्येक शब्द कळावा लागत नाही, बोलणाऱ्याचा जीव कळावा लागतो.

मात्र बोली म्हणजे वाक्याच्या शेवटी ‘हा’ आणि ‘नाय’ लावणं नव्हे. वर दिलेल्या प्रसंगातलं बहिणीचं वाक्य प्रमाण मराठीत ‘गणपतीला मी कुठे येऊ?’ असं होईल. अर्थ तोच, पण ती बाई भावांशी आयुष्यात कधी तसं बोललेली नाही. आणि वेंगुर्ल्याची मालवणी संगमेश्वराकडच्या माणसाच्या तोंडी घालू नका. संगमेश्वरी वेगळी, दर्यावर्दी वाड्यांतली वेगळी, घाटमाथ्याजवळच्या गावातली वेगळी. तुमची बोली नसेल तर खर्ड्यात प्रमाण मराठीत लिहून ठेवा आणि त्या गावच्या माणसाकडून पुढे करून घ्या.

गावातली माणसं स्वतःला ओळखतील. आईला काय वाटेल? या भीतीनं हात थांबतो.

ही भीती खरी आहे, आणि तिला कमी लेखणाऱ्यांचं मला पटत नाही. मुंबईत शेजारी कोण ते माहीत नसतं. आपल्याकडे आडनाव सांगितलं की गाव कळतं, गाव सांगितलं की वाडी कळते, आणि ‘वडाकडच्या घरातली ती’ एवढं म्हटलं की माणूस कळतो. चार घरं एकमेकांशी बोलेनाशी होऊ शकतात. तेव्हा ‘लेखकानं निर्भय असावं’ असं सांगून मी मोकळी होणार नाही.

पहिल्या दिवसापासून खोटं नाव द्या. पुष्कळ जण म्हणतात की खर्ड्यात खरी नावं ठेवतो, शेवटी बदलतो. त्यात अडचण अशी की नाव खरं असलं की हात त्या माणसाशी बांधला जातो. बाळूकाका असं कधी वागलेच नसते, म्हणून तुमचं पात्रही तसं वागत नाही, आणि कथानक अडतं. नाव बदललं की त्याला वागायची मोकळीक मिळते. गावही कल्पित ठेवा, पण त्याची जागा पक्की करा: कुठल्या खाडीच्या कोणत्या अंगाला, तालुक्याहून एसटीनं किती वेळ, हायस्कूल आहे की पलीकडच्या गावात जावं लागतं. मग दोन खऱ्या माणसांचं एक पात्र करा किंवा एकाची दोन करा. व्यवसाय बदला, मुलांची संख्या बदला. एवढं करून जे उरतं ते सहसा दुःखच असतं, आणि ते एका घरापुरतं नसतं.

एक भान मात्र ठेवा. पुढे छापायचं झालं तर ‘ही कादंबरी आहे’ एवढं म्हटल्यानं बदनामीच्या कायद्यातून सुटका होत नाही. एखादा जिवंत माणूस स्पष्ट ओळखू येत असेल आणि त्याच्यावर तुम्ही गुन्हा लादत असाल, तर ते बदलायलाच हवं.

आणि आईबद्दल: खर्डा पूर्ण होईपर्यंत आईला तो वाचायचा नाहीये. आज फक्त लिहायचं आहे. काय ठेवायचं, काय काढायचं हा निर्णय पूर्ण खर्डा हातात असताना घ्या. न लिहिलेल्या पानांबद्दल तो घेता येत नाही.

संशोधन आधी पूर्ण करू का?

नाही. वाचन कधी संपत नाही आणि लिहिणं लांबणीवर पडतं. जिथे माहिती कमी पडते तिथे चौकटी कंसात खूण करून पुढे जा: [लिलाव, हर्णेला संध्याकाळी जाऊन बघणे]. खर्डा झाल्यावर हर्णेला जाल तेव्हा काय बघायचंय ते तुम्हाला नेमकं ठाऊक असेल. मचव्यातून किनाऱ्यापर्यंत मासळी आणणारी बैलगाडी, लिलावाची बोली, टोपल्यांभोवतीची गर्दी, यातलं तुमच्या नायिकेच्या नजरेला काय पडतं, हे ती कोण आहे यावर ठरतं. आणि ती कोण आहे हे खर्डा सांगतो.

काही गोष्टी मात्र सुरुवातीलाच तपासा, कारण त्यांच्यावर कथानक उभं असतं. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ला. त्याआधीचा चाकरमानी बहुधा रातराणी एसटीनं येतो. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ला. तेव्हा १९७५ सालच्या पत्रावर ‘जिल्हा सिंधुदुर्ग’ लिहू नका. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. गावी येणारी मनीऑर्डर बंद पडायची असेल तर साल जुळवून घ्या. नवे पैसे १९५७पासून, त्याआधी आणे. ‘रामदास’ बोट बुडाली १७ जुलै १९४७ला, हे किनाऱ्यावरच्या कित्येक जुन्या घरांत अजून सांगतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं जन्मतः हक्क देणारी केंद्रीय दुरुस्ती २००५ सालची. वरच्या उदाहरणातली बहीण १९७० साली असती तर तिचा नकार कायद्याच्या दृष्टीनं वेगळा ठरला असता.

जुन्या काळाबद्दल लिहित असाल तर रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८पासूनचं आहे, तिथे एक दिवस बसा. रत्नागिरी आणि सावंतवाडीचं इंग्रजी गॅझेटियर १८८० साली निघालं. बंदरं, पिकं, जाती, मजुरीचे दर सगळं त्यात सापडतं. एक दिवस बसा, एक महिना नको.

मुंबईत राहून कोकणावर लिहिलं तर ते खोटं वाटेल का?

श्री. ना. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत त्यांनी कोकणातल्या माणसांच्या कादंबऱ्या लिहिल्या. अंतरानं बिघडत नाही. बिघडतं ते सुट्टीतलं कोकणच कोकण समजल्यानं. तुम्ही गावी फक्त मे आणि गणपतीत जात असाल, तर एकदा जुलैत आणि एकदा फेब्रुवारीत जाऊन या.

हातानं लिहू की मोबाईलवर?

ज्यात थांबायला होत नाही त्यात. हातानं लिहीत असाल तर पावसाळ्यात शाईचं पेन वापरू नका, दमट कागदावर शाई फुटते. साधं बॉलपेन बरं. वह्या लोखंडी कपाटात, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, नाहीतर आश्विनापर्यंत बुरशी धरते. दर प्रकरण झालं की मोबाईलनं पानांचे फोटो काढून ठेवा.

टाइप करणार असाल तर युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमधली फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडली की निरर्थक अक्षरं दिसतात. बोलून टाइप करण्याची सोय मराठीत आता बरीच चांगली आहे, पण मालवणी बोललं की ती त्याचं प्रमाण मराठी करते, संवाद तिच्यावर सोपवू नका. वीज आणि रेंज दोन्ही पावसात बेभरवशाची, म्हणून इंटरनेटशिवाय चालेल असं लिहा आणि खळ्यात जिथे रेंज येते तिथे जाऊन रोज स्वतःलाच मेल करा.

लिहिता लिहिता कोणाला वाचायला देऊ?

कोणाला नको. कौतुक झालं तर तीच प्रकरणं पुन्हा पुन्हा वाचत बसाल, टीका झाली तर दुरुस्त करत बसाल. दोन्हीकडून खर्डा थांबतो. कथानकही तोंडी सांगू नका. चांगली गजाल रंगवून सांगितली की सांगायची ओढ तिथेच भागते. ‘किती झालं?’ एवढंच विचारणारं एक माणूस मात्र जरूर असावं.

शेवट सुचत नाही.

तीन शेवट लिहा, प्रत्येकी एक पान. जो लिहिताना तुम्हालाच अवघड गेला तो घ्या. कोणाला मारून शेवट करायचा मोह होत असेल तर थांबा. नायक समुद्रात गेला आणि परतला नाही, हा शेवट किनाऱ्यावरच्या खर्ड्यांत मला फार वेळा भेटतो. तो माणूस परत आला तर त्याला कोणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागेल? लेखक बहुधा तो प्रसंग टाळत असतो. तोच लिहा.

खर्डा झाला. आता प्रकाशकाला पाठवू का?

एवढ्यात नको. किमान महिनाभर वह्या बांधून ठेवा. मग एकदा पूर्ण, मोठ्यानं वाचा. वाचताना हातात पेन्सिल नको, फक्त कुठे कंटाळा आला ते लक्षात ठेवा. त्यानंतर ती ‘सुधारणा’ची वही उघडा. दुसरा खर्डा झाल्यावर दोन-तीन माणसांना द्या. त्यातला एक तरी तुमच्या गावचा नसावा आणि एक तरी कादंबऱ्या भरपूर वाचणारा असावा.

प्रकाशकाला पाठवताना तो काय मागतो ते आधी विचारा. कोणी पूर्ण हस्तलिखित मागतं, कोणी गोषवारा आणि तीन प्रकरणं. मूळ वह्या कधीही पाठवू नका, प्रत पाठवा. चोरी होईल म्हणून घाबरायचं कारण नाही. १९५७च्या कायद्यानुसार लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचाच असतो, आणि तुमच्या पश्चात ६० वर्षं तो वारसांकडे राहतो. नोंदणी सक्तीची नाही. करारावर सही करण्याआधी मात्र तो पूर्ण वाचा, आणि हक्क किती वर्षांसाठी, कोणकोणत्या स्वरूपांचे देताय ते कलम दोनदा वाचा.